काऊन डाऊन?

“सर, डाऊन म्हणजे डाऊन. इंग्लिश शब्द आहे तो.”

मागच्या आठवड्यात तालुक्याच्या सुविधा केंद्रात खिडकीमागच्या पोट्ट्यानं मला हे समजावून सांगितलं. मला! टेबलावर डस्टर, टेबलाखाली डस्टर असं करून करून ज्यानं या तालुक्यातल्या पोरांना ऑन आणि अंडर शिकवलं, त्या माणसाला. बरं, सांगताना मान तरी वर करावी? नाही. मोबाईलवर कुणाच्या तरी वरातीतला नाच चालू होता, तो पाहणं चाललं होतं. ते मात्र डाऊन नव्हतं.

काम साधं होतं. घरात कापूस भरून पडला आहे. हमीभावानं विकायचा तर आधी ऑनलाइन नोंदणी. नोंदणीला सातबारा, आधार, पासबुक आणि मोबाईलवर येणारा ओटीपी. सगळं थैलीत घालून गेलो, तर सर्व्हर डाऊन. मी फक्त “किती वेळ?” एवढं विचारलं, त्यावर हे व्याख्यान.

मी गिळून बसलोही असतो. पण बाकावर माझ्या शेजारी एक आबाजी होते. धोतर, सदरा, टोपी, मांडीवर कागदांची प्लॅस्टिकची थैली, आणि तळहातावर तंबाखू. ते कान देऊन ऐकत होते.

“काय म्हने पोट्टा?”

“सर्व्हर डाऊन आहे म्हणतो.”

“सर वर?”

“हो.”

“कोनते सर?”

“सर नाही आबाजी, सर्व्हर.”

“तेच त म्हनतो मी. सर वर हायेत न? मंग बलावा खाली. आपन काय चढाले पायजे का?”

“वर नाही हो. डाऊन आहे. डाऊन म्हणजे खाली.”

आबाजींनी छताकडे पाहिलं. केंद्राला माडी नव्हती, वर नुसती टिनं होती. मग त्यांनी फरशीकडे पाहिलं. मग माझ्याकडे, आणि या शेवटच्या पाहण्यात माझ्या अकलेविषयी थोडी काळजी होती.

“सर वर, आन सर खाली. एक कायतरी सांगा न बावा.”

पोट्ट्यानं नाच थांबवला. “आबाजी, सर्व्हर म्हंजे मशीन असते. मोठं कम्प्युटर. थे इथी नसते, मुंबईले असते. थे डाऊन झालं.”

यावर आबाजींचा चेहरा एकदम उजळला. इतका वेळ अडलेलं सगळं सुटलं. “असं सांग न लेका! मुंबईवून अप-डाऊन करते!”

बाहेरच्यांसाठी खुलासा करतो. आमच्याकडे अप-डाऊन हे क्रियापद आहे, पेशा आहे आणि जीवनपद्धतीही आहे. तलाठी अप-डाऊन करतो, ग्रामसेवक अप-डाऊन करतो, दवाखान्यातले डॉक्टर अप-डाऊन करतात. नोकरी गावात, घर अमरावतीत किंवा यवतमाळला, आणि घरभाड्यासाठी मुख्यालयी राहत असल्याचा दाखला खिशात. (मी मास्तर असताना गावातच राहिलो, हे इथं नमूद करून ठेवतो. दुसरं कोणी करणार नाही.) तेव्हा साहेब जागेवर नाहीत, त्यांचं काहीतरी डाऊन आहे, म्हणजे ते अप-डाऊनवाले आहेत, हा आबाजींचा निष्कर्ष उभ्या आयुष्याच्या अनुभवातून आला होता. त्यात हसण्यासारखं काही नाही. हसलो, ते सोडा.

“कोनत्या गाडीनं येते?” आबाजींनी विचारलं.

“कोण?”

“तुमचे सर.”

“आबाजी, थे गाडीनं नाई येत.”

“फटफटीनं येते? मुंबईवून?”

पोट्ट्यानं माझ्याकडे मदतीसाठी पाहिलं. मी भिंतीवरचा दरपत्रकाचा बोर्ड वाचायला घेतला. इंग्रजी शब्द आहे ना तो? मग सांभाळ.

आबाजी थैली नीट करून, पाय वर घेऊन बसले. “सांजच्या गाडीनं येत असन त थांबतो मी. काई घाई नाई.”

आता गाडीचा विषय निघालाच आहे तर माझ्या मनातली एक जुनी मळमळ बाहेर काढतो. मध्य रेल्वेच्या हिशेबात मुंबईकडे तोंड करून निघालेली गाडी अप, आणि मुंबईकडे पाठ करून निघालेली डाऊन. विदर्भ एक्सप्रेस मुंबईहून गोंदियाला निघते तेव्हा १२१०५, ती डाऊन. तीच परत जाताना १२१०६, ती अप. म्हणजे आपल्या घरी येणारा माणूस खाली येतो आणि घर सोडून जाणारा वर जातो. आणि भूगोल काय सांगतो? मुंबई समुद्राला टेकलेली, आणि नागपूर समुद्रसपाटीपासून ३०० मीटरहून उंच. या डाऊन गाडीला कसाऱ्याच्या घाटात ३७ फूट पुढं सरकलं की एक फूट वर चढावं लागतं, मागून जादा इंजिनं लावून ढकलावं लागतं. इंजिनं कण्हत कण्हत डोंगर चढताहेत, आणि नाव काय, तर डाऊन!

गंमत अशी की या गोंधळात रेल्वे एकटी नाही. डाऊन या शब्दाचाच जन्म डोंगरावर झाला आहे. जुन्या इंग्रजीत डून म्हणजे टेकडी. ‘ऑफ डूने’ म्हणजे टेकडीवरून. बोलता बोलता पुढचा ‘ऑफ’ झिजून गळून पडला, आणि उरलेल्या टेकडीचाच अर्थ खाली असा झाला. इंग्लंडच्या दक्षिणेला आजही साऊथ डाऊन्स नावाच्या टेकड्या आहेत, चांगल्या वर आलेल्या. आपल्या वऱ्हाडात जुन्या लोकांनी बालाघाट म्हणजे वरचा मुलूख आणि पायनघाट म्हणजे पूर्णेकाठचा सखल मुलूख असा सरळ हिशेब ठेवला होता. फारसी शब्द, पण वरचं वर आणि खालचं खाली. इंग्रजांनी येऊन टेकडीलाच खाली म्हटलं आणि आम्हाला त्याच्या स्पेलिंगवरून छड्या बसल्या. पुढं मी त्याच छड्या इतरांना दिल्या, पण तो वेगळा विषय.

आणि सरकार तरी काय करतं? १९५३ च्या नागपूर करारात विधिमंडळाचं वर्षातून एक अधिवेशन नागपुरात घ्यायचं ठरलं, म्हणून हिवाळ्यात अख्खं मंत्रालय डाऊन गाडीनं येतं, थोडे दिवस थंडी आणि संत्री अनुभवतं आणि अप गाडीनं जातं. आबाजींना हे कोणी सांगितलं असतं तर ते म्हणाले असते, मंग सर्वरचं काय नवल.

तर केंद्रात. पंखा फिरत होता, नाच पुन्हा सुरू झाला होता, बाकावर आणखी माणसं येऊन बसली होती. आबाजींनी तंबाखूची चिमूट दाढेखाली ठेवली आणि शांतपणे विचारलं, “पन मी म्हनतो, थे डाऊन झालं कायनं?”

“झालं आपोआप.”

“आपोआप काई होत नाई. पडलं का पाडलं?”

“अं?”

“झाड पडते, त वाऱ्यानं पडते. नाईतं कोनी पाडते. भिंत पडते, त पान्यानं पडते. नाईतं भावकी पाडते. तुवं थे मशीन पडलं, का कोनी पाडलं?”

पोट्टा चिडला. “आबाजी, डाऊन झालं म्हन्लं न!”

“हो, पन काऊन डाऊन?”

(काऊन म्हणजे आमच्याकडे ‘का’.) बाक हसला. एकानं “काऊन डाऊन, काऊन डाऊन” अशी चालच धरली. पोट्ट्याचे कान लाल झाले. तो म्हणाला, “मले येडं समजू नका, मी बीएस्सी हाओ.”

माझ्या जिभेवर आलं होतं, की बाळा, डिग्री हा शब्दही त्याच खानदानातला. लॅटिनमध्ये ‘डे’ म्हणजे खाली, ‘ग्रादुस’ म्हणजे पायरी. बीएस्सी होऊन तू एक पायरी उतरला आहेस, आणि ती उतरून या खिडकीमागं बसला आहेस. बोललो नाही. त्याची चप्पल बोटाशी तुटलेली होती आणि तारेनं बांधलेली होती. शिवाय एका नोंदणीमागं त्याच्या हाती पडतं काय, हे बोर्डावर वाचून झालं होतं. सर्व्हर डाऊन म्हणजे त्याचीही मजुरी डाऊन. पण म्हणून त्यानं मला इंग्रजी शिकवावं, हे मला अजूनही पटलेलं नाही.

आबाजींचा प्रश्न मात्र डोक्यात बसला. पडलं का पाडलं. मराठीत हे दोन वेगळे आहेत, एक काना इकडचा तिकडे झाला की गुन्हेगार सापडतो. इंग्रजीतही एकेकाळी सोय होती. पडणं म्हणजे फॉल, आणि पाडणं म्हणजे फेल. झाड पाडतात त्याला अजून फेल म्हणतात. पण ‘पडला’ याचं भूतकाळी रूपही फेल. आणि परीक्षेत पडला तोही आपल्या देवनागरीत फेलच. म्हणजे पडला, पाडणं आणि नापास, तिन्ही एका कागदावर सारखे. आता ओळखा, दोषी कोण. वर्गात हे शिकवताना मला नेहमी घाम फुटायचा आणि पोरं खूश व्हायची.

खाली पडण्याचा एकच इंग्रजी शब्द मला प्रामाणिक वाटतो, आणि तो गावात सगळ्यांच्या तोंडी आहे. डीओ. गावातली लाइन गेली की कोणीतरी डीपीपाशी जाऊन वर पाहतो आणि ओरडतो, “डीओ गेला!” हा खांबावरचा फ्यूज. या दोन अक्षरांचं पूर्ण नाव ड्रॉप-आऊट, हे डीओ बसवणाऱ्यांनाही बहुधा माहीत नसतं, आणि माहीत असायची गरजही नाही. भार वाढला, कुठं तारा एकमेकींना लागल्या, की त्यातली बारीक तार वितळते, नळी वरच्या खाचेतून सुटते आणि खाली लोंबकळते. खालून पाहणाऱ्याला स्पष्ट दिसतं की काय पडलं, कुठून पडलं, कोणत्या फेजचं पडलं. सर्व्हरचं असं काही लोंबकळताना कोणी पाहिलंय? डीओ वर बसवायचं काम लाइनमनचं, पण लाइनमन अप-डाऊनवाला. मग गावातलाच एखादा धीट माणूस वाळका बांबू घेऊन तो चढवतो. ओलिताची लाइन रात्रीची, अंधार, पायाखाली चिखल. त्यात माणसं मेली आहेत. दुसऱ्या दिवशी साहेब येऊन पंचनाम्यात लिहितात की मयतानं विनापरवाना हात लावला. यात मला विनोद सुचत नाही.

आणि मग भाव. २०२५-२६ च्या हंगामाला लांब धाग्याच्या कापसाचा हमीभाव क्विंटलला ८,११० रुपये, मध्यम धाग्याचा ७,७१०. कागदावर. त्याच साली ऑगस्टमध्ये केंद्र सरकारनं परदेशी कापसावरचं ११ टक्के आयात शुल्क शून्यावर आणलं. आधी सप्टेंबरअखेरपर्यंत, मग वाढवून डिसेंबरअखेरपर्यंत. म्हणजे नेमकं आमची वेचणी सुरू होऊन कापूस घरात येईपर्यंत. गिरण्यांना स्वस्त कापूस हवा, त्यांचंही काही दुखणं असेल, अमेरिकेनं कापडावर कर वाढवला होता, सगळं वाचलं आहे मी. पण पेपरात बातमी काय? कापसाचे भाव पडले. पडले! जणू बोराच्या झाडावरून बोरं पडावीत. आबाजींना संपादक करायला हवं.

मी असा मनातल्या मनात तापत असताना आबाजींनी माझ्या गुडघ्यावर हात ठेवला. “मास्तर हा न तुम्ही? इंग्रजीचे?”

“होतो.”

“मंग एक अर्ज लिवून द्या.”

“कुणाला?”

“त्या सरले. इंग्रजीत लिवा. मराठी त्याईले समजत नसन, म्हनून पोट्टा बोलून बोलून थकला.”

मी सांगून पाहिलं की ते मशीन आहे. आबाजी म्हणाले, साहेबही मशीनच असते, पण अर्ज घेते. याला उत्तर नव्हतं. एकानं झेरॉक्सचा पाठकोरा कागद दिला, दुसऱ्यानं पेन. बाकावरची माणसं माझ्याभोवती गोळा झाली. कित्येक महिन्यांत माझ्याकडून कोणी इंग्रजी मागितलं नव्हतं, त्यामुळं मीही बाह्या सरसावल्या. आबाजी सांगत गेले, मी लिहीत गेलो.

“लिवा. सायेब. आमचा कापूस घरात हाय. घरात झोपाले जागा नाई, पोट्टे कापसावर झोपून राह्यले, आंगाले खाज सुटली.” खाजेला मी इचिंग लिहिलं. “पाऊस झाला होता तं कापूस ओला होता. आता वाळला. वाळला तं वजन गेलं. म्हनून लवकर करा.”

हा मुद्दा बारीक आहे, साहेबांसाठी सांगतो. हमीभावाच्या खरेदीत ८ टक्के ओलाव्यापर्यंत पूर्ण भाव. त्यापुढं १२ टक्क्यांपर्यंत जितके टक्के ओल जास्त, तितके टक्के भाव कमी. १२ च्या वर कापूस परत. ओला नेला तर भाव उतरतो, वाळवून नेला तर वजन उतरतं. शेतकऱ्यानं नक्की काय खाली उतरवायचं, एवढंच त्याला निवडायचं असतं.

“आखरीले लिवा,” आबाजी म्हणाले, आणि क्षणभर डोळे मिटून त्यांनी वाक्य जुळवलं. “पडले असान त उठा. कोनी पाडलं असन त नाव सांगा. मी पाहून घेतो.”

बाकावर कोणी हसलं नाही. मी ते जसंच्या तसं इंग्रजीत उतरवलं. पडले असाल तर, यासाठी मी फॉलन वापरलं आणि पाडलं असेल तर, यासाठी फेल्ड. दोन्ही व्याकरणदृष्ट्या निर्दोष. आबाजींनी शाईच्या पॅडवर अंगठा दाबून खाली उमटवला, फुंकर मारून वाळवला आणि कागद खिडकीतून आत सरकवला.

पोट्ट्यानं तो पूर्ण वाचला, हे त्याच्या बाजूनं सांगायला हवं. वाचून परत सरकवला.

“असा नाई चालत आबाजी. तक्रार ऑनलाइन करा लागते.”

“मंग कर न.”

“सर्व्हर डाऊन हाय.”

आबाजी संध्याकाळपर्यंत थांबले की नाही, मला माहीत नाही. मी माझी एसटी पकडली. पुढचे चार दिवस घरात मंडळींनी कापसावरून जे ऐकवलं ते इथं लिहिण्यासारखं नाही, आणि त्यात एकही इंग्रजी शब्द नव्हता. शेवटी खेडा खरेदीवाल्याला बोलावलं. तो मेटॅडोर घेऊन अंगणात आला, मुठीत कापूस दाबला, कानाशी धरला, गालाला लावला, आणि म्हणाला, “ओल हाय.”

भाव त्यानं सात हजारांच्या आत सांगितला. वर ओलीची कट्टी, म्हणजे कपात, वेगळी.

मी म्हणालो, “मुठीनं ओल मोजता? मीटर लावा.”

“लावलं असतं, मास्तर. सेल उतरला.”

पोराला पळत दुकानात पाठवलं. तोवर गाठोडी काट्यावर चढत होती, मंडळी कोपऱ्यात झाडू घेऊन उभी होती, आणि खरेदीवाल्याचा माणूस वहीत कट्टी धरून आकडे टाकत होता. पोरगं धापा टाकत सेल घेऊन आलं. जाडा सेल. मीटरला बारीक लागत होता.